निधान

यंत्रं तोलात असतात असं मी धरून चालले होते
बापूंचं इंजिन उभं राहीपर्यंत.

तिन्ही सिलिंडर उजव्या अंगाला, उभे, उघडे,
आणि त्यांचा भार फिटावा म्हणून
बॉयलर डावीकडे सरकून बसलेला,
एसटीत तिसऱ्याला जागा करून दिल्यासारखा.

कटिंग ऑइलच्या कॅलेंडरवर सापडलं होतं ते:
कुठला तरी परका डोंगर, ओंडक्यांनी लादलेले डबे,
महिना ऑगस्ट.
वर्ष उलटलं तरी आमच्या भिंतीवर ऑगस्टच राहिला.

बापू उद्यमबागेत टर्नर. चौतीस वर्षं
दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरून दुसऱ्यांचे पंप.
याचं ड्रॉइंग नव्हतं.
भिंग लावून त्यांनी गियरचे दात मोजले.
दिसत होते अकरा,
बाकीचे चाकामागं, कागदाच्या पलीकडे.
"मागं बी असंच असणार की गे," म्हणाले
आणि चाळीस धरले.

सिलिंडर ओतले शिवलिंगप्पांनी,
गोकाकचे मोल्डर, मराठी चार शब्द.
मी सात वर्षांची, साच्यापाशी उकिडवी.
मुशीतून रस उतरू लागला
तसे ते स्वतःलाच सांगत राहिले, "निधान... निधान..."
आमच्या गल्लीतल्या भजनात निधान म्हणजे ठेवा.
मला वाटलं, वाळूत काहीतरी पुरतायत.
निवल्यावर मीच हात घातला;
निघाली तीन नळकांडी, कोमट, काळी ठिक्कर.
तिकडं निधान म्हणजे सावकाश,
हे सांगायला पाचवीत
कन्नडच्या बाई याव्या लागल्या.

नऊ वर्षं गेली.
मधे फाउंड्री दोनदा बंद, आईचं ऑपरेशन,
शिवलिंगप्पा गावी परतले ते परतलेच.
रात्री जेवून बापू मिलिंगपाशी.
एक दात, फार तर दोन.
डिव्हायडिंग हेडची मूठ फिरवताना
माझ्याकडं न बघता:
"मोजताना बोलू नको."

शेडमागं पट्ट्यांचा रूळ, बारात एक चढ.
फाउंड्रीतला कोक, सायकलच्या घंटीएवढी शिट्टी.
सुटलं तेव्हा आवाज असा
की हुबळीची मेल आली दाराशी.
चाल मुंगीची.
पोरं पळत चढाच्या टोकाला गेली,
थांबली, कंटाळली, बॅट घेऊन निघून गेली.
मालक "वा" म्हणाले, फोन आला म्हणून वळले.

राहिले कायतानमाम, लोंढ्याचे रिटायर गार्ड,
उभा जन्म घाटात, शेवटच्या डब्यात.
गुडघे कडकडवत खाली बसले,
गाल जवळजवळ रुळाला टेकवला.
"आमची पावसात जाग्यावरच फिरायची.
वाळू टाका, रेटा, शिव्या द्या.
ही बघ, घसरतच नाही."

घसरत नव्हती.
दात दाताला सांगत होता, चाक चाकाला,
आणि बाजूनं बापू, हातात तेलाची झारी,
तिच्याच चालीनं,
लेथनं खाली ओढलेला उजवा खांदा तसाच कलता ठेवून.
इंजिन कलतं की माणूस, लांबून कळत नव्हतं.

आता मी सीएनसी चालवते.
बटण दाबलं की चाळीस दात, चहा गार व्हायच्या आत.
गेल्या महिन्यात त्या इंजिनाचं असली ड्रॉइंग हाती आलं.
चाळीस नव्हे, एकेचाळीस.
म्हणे एक दात जास्त असला
की तोच दात त्याच दाताला रोज भेटत नाही,
झीज वाटून जाते.

दोन दिवस पोटात ठेवलं. मग सांगितलं.
बापू काही बोलले नाहीत.
भिंग मागितलं,
ऑगस्टसमोर बराच वेळ उभे राहिले.
"लपला व्हता होय," म्हणाले.

वय एक्क्याहत्तर. डॉक्टरांनी जिने बंद केलेत.
सकाळी बघते तर शेडचं कुलूप काढलेलं,
मिलिंगवरचं पोतं खाली,
मूठ बापूंच्या हातात.
मी तोंड उघडणार

तेवढ्यात: "मोजताना बोलू नको."