लॅम्बंट, म्हणजे

एकशे बाराव्या पानावर अडकून नऊ दिवस झाले.
परक्या कादंबरीत एक विधवा
दिव्याच्या लॅम्बंट उजेडात पत्र फाडते,
आणि माझ्या मराठीत तिला
फाडण्यापुरता उजेड मिळत नाही.

'मंद' लिहिलं. खोडलं.
'सौम्य' तर औषधाच्या बाटलीवरचा शब्द.
'झुळझुळता' पाण्याला परत केला.
शेवटी वाचनालयातल्या जाड कोशात,
अर्थाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत
त्याचं मूळ गाव सापडलं:
लॅटिन, लाम्बेरे. चाटणे.

एवढंच?
म्हणजे रोमची कुत्री, वासरं, ज्वाळा
सगळी एकाच क्रियापदानं चाटायची,
मग इंग्रजीत कुणी त्याला कोट चढवला,
जीभ आत घ्यायला सांगितली
आणि उजेड तेवढा बाहेर ठेवला.
कोश पुढे म्हणतो,
हलक्या हाताच्या विनोदालाही हे विशेषण चालतं.

दहाव्या दिवशी पातेलं घेऊन भद्रकालीत गेले.
भिकनचाचांचा भाता अजून चालतो,
आठवड्यातून दोनदा, गिऱ्हाईक आलं तर.
निखाऱ्यावर तांबं आधी काळवंडलं, मग मोरपिशी झालं.
नवसागराचा धूर थेट माझ्या डोळ्यांत.
"जाळ वाढवा की, देवळालीची बस जाईल."
चाचांनी भात्यावरचा हात उलट सैल सोडला.
"नाही ताई. आग चाटली पाहिजे.
चावली, की कथील जळतं."

पिशवीतून पेन्सिल काढेपर्यंत
कथील कापसाच्या बोळ्यामागे
पातेल्याच्या पोटात पळत सुटलं होतं.
"किती झाले?"
"दीडशे कल्हईचे.
रडायला धूर फुकट."

बस गेली ती गेलीच.
गंगेवर उतरले. कललेलं ऊन पाण्यावर पडून
पुलाच्या पोटापर्यंत उडत होतं,
मागेपुढे, मागेपुढे,
गाय वासराला चाटते तसं,
फक्त दगड ओला होत नव्हता.

रात्री पान एकशे बारा:
'दिव्याचा उजेड तिचे हात चाटत होता.
तिनं पत्र फाडलं.'
विशेषण गेलं. कोट उतरवून
क्रियापद घरी आलं.

संपादक लाल रेघ मारतील:
चाटत होता? विधवेचे हात?
मारोत.
त्या हातांना किती वर्षांत
कुणी काही केलं नव्हतं,
हे पान नव्वदवर आहे.

नव्या कल्हईत दूध तापतंय.
जाळ बारीकच ठेवलाय.