खण आधी कुठे सुटतो

बोहरी आळीतल्या जुजरभाईंचा जुना खण
नऱ्ह्याच्या शेडमध्ये माझ्यापुढे उपडा पडलाय.
आत अजून चार स्क्रू, एक चिठ्ठी : पाऊण इंची, पितळी.
पुढची फळी बाजूंपासून सुटलेली.
खण नेहमी तिथेच सुटतो
जिथून माणूस ओढतो.

साडेनऊ किलो लोखंड
दिवसातून साठदा बाहेर, साठदा आत.
तळ वाकतो, बाजू कुरकुरतात,
खापर मात्र त्या दोन कोपऱ्यांवर.

हणमंतमामा असते तर म्हणाले असते, पारवशेपूट कर.
सागात ती बसायची;
एकदा ठोकली की बापाच्यानं निघायची नाही.
पण टिंबर मार्केटातून टेम्पोने आलंय ते बारा एमएम प्लाय :
नऊ पापुद्रे, एक उभा, एक आडवा,
सरसाच्या धाकाने एकत्र नांदणारे.
पटाशी लावली की वरचा आधी रुसतो,
शेपटीचं टोक खपलीसारखं हातात येतं.

काल तीन कोपरे केले. नुसते कोपरे.

पहिला, टोकाला टोक, सरस आणि खिळे.
पायाने दाबला. आवाजही न करता गेला.

दुसरा, बोटांत बोटं. देखणा.
पण एका बोटाशी केसभर फट राहिली,
ती मी सरसात भुसा कालवून बुजवली
आणि इरण्णा बघत नाही ना, ते पाहिलं.

तिसरा : पुढच्या फळीला खाच,
बाजूची फळी तिच्यात टेकलेली,
आणि बाजूने आत पाच बांबूच्या खुंट्या,
ओढीला आडव्या.
म्हणजे ओढणाऱ्याने आधी पाच बांबू मोडायचे,
मग कोपरा.
त्याच्यावर मी उभी राहिले. पासष्ट किलो, शिवाय खिशातली टेप.
इरण्णा म्हणाला, ताई, उडी मारा.
मारली.
तुटलं ते प्लाय, सांध्यापासून चार बोटं लांब.

जुजरभाईंना फोन केला :
कडेला पट्टे दिसतील, भाई, आणि पाच ठिपके.
ते म्हणाले, गिऱ्हाईक स्क्रू बघतं.

मागच्या कोपऱ्यांना नुसती खाच पुरे,
तिथून कोणी ओढत नाही.
मामांची पटाशी आज सकाळपासून खुंट्या तासतेय,
तिच्या मानाने हलकंच काम.
बेचाळीस खण, दोन-दोन कोपरे, पाच-पाच खुंट्या.
इरण्णाने खडूने फळीवर हिशोब मांडला
आणि खो खो हसत सुटला :
चारशेवीस!

मी एक जादा तासली.