सात खिळे

दुकानात माझ्या सात खिळे,
प्रत्येकावर टांगलेले पुठ्ठ्याचे साचे:
पाठ, बैठक, डोकं टेकायची उशी, मधला हात.
लाईट गेली की माणसं उभी असल्यासारखी वाटतात.
साच्यावर स्केचपेननं गाडीचं नाव, साल,
खाली बारीक अक्षरात
'जुना चेहरा', 'नवा चेहरा',
'नवा चेहरा पण शिवण तीच'.

अक्कलकोट रोडला सीट कव्हर शिवतो मी,
गड्डम सीट हाऊस.
गाडी किती वर्षांनी बदलावी
हे कंपनीवाले मला विचारत नाहीत.
तरी सांगतो.

कोरवली मॅडमनी क्रॉसओव्हर घेतली होती.
ना जीप, ना मोटार,
घरातल्या सगळ्यांचं थोडं थोडं ऐकणारी गाडी.
सासूबाईंचा गुडघा चढताना कुरकुरत नाही,
पोराला वाटतं आपण हिमालयात निघालो
आणि निघालेले असतात तुळजापूरला.
हप्ते साठ.
अडतिसाव्या हप्त्याला
होटगी रोडच्या शोरूममध्ये तिचंच नवं रूप उभं राहिलं:
डोळे बारीक, जाळी रुंद,
मागं या कानापासून त्या कानापर्यंत एकच लाल दिवा.
मॅडम म्हणाल्या,
"बावीस हप्ते बाकी असताना म्हातारी केली की हो माझी गाडी!"

मी टेप घेऊन नव्या गाडीत शिरलो.
उशी दोन बोटं वर सरकवलेली.
बाकी सगळं तेच.
दोन बोटं!
तेवढ्यासाठी आख्खा साचा रद्दीत.

माझे नायना चादरीच्या कारखान्यात
जॅकार्डची कार्डं पंच करायचे.
एका मोराला हजारभर कार्डं, दोरीत ओवलेली.
लहानपणी विचारलं होतं, नवं डिझाईन कधी काढायचं?
म्हणाले, "मोराचा डोळा विणायचा राहिला
की समजायचं, भोक फाटलं. तेव्हा कार्ड बदलायचं.
रंग बदल दर दिवाळीला,
व्यापाऱ्याचं पोट रंगावर असतं.
मोराला हात लावू नको."

एकतीस वर्षं नाही लावला कुणी.
मग पानिपतहून मऊ ब्लँकेटं आली, त्यांच्यावर वाघ,
आणि आमचा मोर गोडाऊनमध्ये जाऊन बसला.
शेवटच्या पगारात नायनांना चार चादरी मिळाल्या.
त्यातली एक अजून मशीनखाली अंथरलेली असते,
कातरणं पडतात तिच्यावर.

तेव्हा बदलूच नका, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

कुशीतून फुगा उघडणारी सीट आली
तेव्हा तिथली शिवण कच्च्या दोऱ्यानं घालायला शिकलो मी,
जन्मभर पक्की शिवण घातलेला माणूस.
धडकेच्या वेळी ती उसवलीच पाहिजे, नाहीतर आतलं पोर गेलं.
असलं काही सापडलं असेल
तर सात वर्षं कशाला थांबता, उद्या बदला.
रात्री फोन करा, पहाटे साचा कापतो.
पण नुसत्या भुवया कोरायच्या असतील
तर निदान कुणाचा हप्ता फिटेपर्यंत थांबा राव.
सात वर्षं म्हणतो मी.
सहाला पण तयार आहे.

परवा मॅडम पुन्हा आल्या, त्याच गाडीत.
कव्हरं विरली होती, आणि जुना साचा मी कधीच विकलेला, किलोवर.
मग जुनीच कव्हरं उसवून पुठ्ठ्यावर पसरली.
फटीतून शेंगांची टरफलं निघाली,
एक खडू, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट.
"रंग तोच ठेवायचा ना?"
"छे हो, कंटाळा आला त्याचा."
तासभर नमुने चाळून मोहरी रंग काढला.
जाता जाता दारात घुटमळल्या.
"गड्डम, तो मागचा लाल दिवा...
या कानापासून त्या कानापर्यंतचा...
आमच्या गाडीला बसतो का हो?"

बसतो. शेजारी मुजावरचा पोरगा बसवून देतो,
वायर थोडी कापावी लागते.

संध्याकाळी नवा साचा सातव्या खिळ्यावर अडकवला.
स्केचपेन वाळत आलं होतं, जिभेला लावून लिहिलं:
'जुना चेहरा, नवा दिवा'.