आठ

ओहोटीला आंजर्ल्याच्या पुळणीवर
काठीने आठ काढते.
ह्यांची गाडी दोन वर्षं जाळ्यांखाली होती,
अजून खोकते.
दुसऱ्या वळणाला आडवी. आरशात वाळू.

"काकी, चाकाकडे बघू नका," अनीस ओरडतो,
"जायचंय तिकडे बघा."
जायचंय हर्णैला, लिलावाला,
टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या न करता.

सोमवारी परीक्षा, तीही रस्त्यावर.
चढावर थांबायचं, मागे घरंगळायचं नाही,
हात बाहेर काढून वळायचं.
पाय टेकला की नापास.
हात टेकले नाहीत मी कधी,
पाय कशाला टेकेन?

भरती पुसायला लागली आठ.
अजून एक फेरी, अनीस.
कपाळावर आहेत ना आठ्या,
त्यांच्यावरून वळते.
पेट्रोलचं लिहून ठेव.