हॅव

फळ्यावर लिहिलं हॅव. खाली अर्थ : असणे.
देवबागच्या हवेत खडूही सादळतो,
शब्द धड उमटत नाही.

आय हॅव अ पेन. आय हॅव अ डॉग.
इनास म्हणाला, आय हॅव फीवर.
कपाळाला हात लावून पाहिला,
होताच.

मयुरी टिकम उठली.
"बाई, आमी असा खंय म्हणतो?
ताप येता. मासो गावता. माड…"
किती माड, मयुरी?
"बारा.
नाय, सात.
पाच दर्यान खाल्ले."

तिच्या वहीत वाक्य अर्धंच :
वुई हॅव
आणि पुढे आकड्यापुरती जागा.

हॅड पुढच्या पानावर आहे.
तास संपायला दहा मिनिटं होती.
मी पान उलटलं नाही,
खिडकी तेवढी लावून घेतली.
भरतीचा आवाज फार येत होता.