वीतभर अंतर

महात्मा गांधी रोडला मुर्तुझाभाईंच्या दुकानात
मी गेले तेव्हा पर्समध्ये तीन गोष्टी होत्या:
पोस्टाच्या आरडीचे सत्तेचाळीस हजार,
प्रेसमधलं जुनं भिंग,
आणि धुऊन पुसलेल्या हिंगाच्या डबीत,
झाकणाला सुईची भोकं पाडून,
एक कोळी.

'घरात लग्न आहे का?' त्यांनी विचारलं.
म्हटलं, नाही. कोळी आहे.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडला
तिकिटांचे ताव तपासले.
एखादं दातेरं कमी,
एखाद्या पुढाऱ्याच्या भुवईवर शाईचा ठिपका,
की लाल पेन्सिलीचा गोल, अख्खा ताव रद्द.
डोळ्याला तेवढंच शिकवलेलं: चूक शोध.
निवृत्तीनंतर तोच डोळा
कढीपत्त्याच्या कुंडीवर वाकून बसला
आणि त्याला काहीच रद्द करता येईना.

त्यांनी काउंटरवर मखमल पसरली,
सोनाराने मांडावं तसं एकेक मांडलं.
हा नवा, हलका, हातात बसणारा.
हा त्याहून महाग, ह्याला पाण्याचं भय नाही.
आणि हा खिशातला, चाकावर फुलाचं चित्र असलेला,
म्हणजे जवळचं दिसतं.

मी चाक फुलावर आणलं, डबी उघडली,
वाकत गेले.
दोन बोटांवर पोचले तेव्हा
माझीच सावली त्याच्या अंगावर पडली
आणि तो कडेखाली गेला.
बरोबर आहे. मीही गेले असते.

मुर्तुझाभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
'बॉडी शेवटी बघू, बाई. आधी लेन्स.
साठची घ्याल तर नाकाला नाक लावावं लागेल.
शंभरची घेतलीत तर वीतभर लांब राहता येतं.
वीतभर, थोडं कमीच.
चित्र तेवढंच मोठं.'

तेवढंच मोठं, आणि लांबून.
हृषीकेश अठराचा होता तेव्हा
हे कुणी मला सांगितलं असतं तर.

हिशेब कागदाच्या पिशवीवर झाला.
शंभरची लेन्स, वापरलेली पण काच स्वच्छ, अठ्ठावीस.
मग नव्या बॉडीचं नाव काढायचं नाही.
त्यांनी खालच्या कप्प्यातून एक काढली,
सिडकोतल्या कुणा लग्नवाल्याची.
तीन लाखांवर क्लिक झालेले, कोपऱ्याचं रबर सुटलेलं,
बटणाच्या खोबणीत हळद.
नखाने खरवडली, निघाली नाही.
एवढ्या वरमाला बघून झालेलं यंत्र,
आता नाकतोड्यांची लग्नं बघेल.

'अठरा,' ते म्हणाले. 'उरले हजार.
हजारात फ्लॅश येत नाही.
ह्याचाच उघडा, आणि पुढे
चिवड्याच्या डब्याचं पांढरं झाकण धरा.
उजेड मऊ पडतो. मी स्वतः धरतो.'

तोवर कोळी मखमलीवर आला होता,
आपल्या मर्जीने.
मी कोपर टेकवली, श्वास अडवला,
मागेपुढे झुलत राहिले,
आणि एकदम
समोरचे दोन डोळे, टपोरे, ओले,
माझ्याकडे वळलेले.
तेवढेच लख्ख. नखाच्या कडेइतकं जग लख्ख,
त्याच्या अलीकडचं पलीकडचं सगळं धूर.

नंतर पडद्यावर मोठं करून बघितलं.
डावीकडचा दुसरा पाय नव्हता.
सवयीने हात पर्सकडे गेला,
लाल पेन्सिल गेली पाच वर्षं तिथे नाही.
'हा ठेवू का पुसू?' मुर्तुझाभाई विचारत होते.
ठेवा म्हटलं.

कोळी काही डबीत परत आला नाही.
लेन्सांच्या काचकपाटामागे गेला.
'राहू द्या,' ते म्हणाले, 'आमच्याकडे डास पुष्कळ.'

शालिमारला बस मिळाली, जागा मिळाली.
पुढच्या बाईच्या अंबाड्यात कालचा गजरा होता,
त्यावर बारीक, काळं काहीतरी चालत होतं,
फुलाफुलाशी थांबत.
मी पट्टा गळ्यात घातला,
हाताने अंतर मोजलं.
वीतभर. थोडं कमीच.