दुसऱ्याच्या ओंजळीने

वाइकेबाई दुकानात आल्या तेव्हा
लॅपटॉप त्यांनी लोकरी शालीत गुंडाळला होता,
आजारी मांजर आणावं तसा.

"मधेच तुटतो," म्हणाल्या.
"पत्र लिहायला घेतलं की तुटतो.
मुलाने पाठवलेला फोटो उघडला की तुटतो.
काहीच केलं नाही, हात मांडीवर ठेवून बसले,
तर राहतो जोडलेला."

मी यंत्र उलटं केलं, स्क्रू काढले.
आत एका कोपऱ्यात, बोर्डालाच डाख दिलेले
दोन-चार चिमुकले भाग.
याला मोडेम म्हणायचं,
कारण खोक्यावर तसं छापलं होतं.
फोनचं भोक तेवढं खरं, बाकी उसनवारी.
तारेवरच्या किंकाळीतून अक्षरं वेचायचं काम
हा स्वतः करत नाही,
प्रोसेसरच्या गळ्यात घालतो.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो
आणि ओंजळवाला जरा इकडेतिकडे झाला
की जागच्या जागी तहानेने मरतो.
विंडोज काढून दुसरं काही घातलं
तर ओळखही दाखवत नाही.
दिवे नाहीत. भोंगा नाही.
जोडतोय की झोपलाय, कळायची सोय नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे आत ऐकायला कुणी बसलेलंच नाही."

"नाही."

"सव्वीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होते मी, टार्मो.
बेट तेव्हा सरहद्दीत. तालिनला एक कॉल लावायचा
तर कधी दोन तास, कधी अख्खा दिवस.
हाताने दोर खोचायचे, एक कान लाइनीवर.
कामावर असताना मी कधी विणायलासुद्धा घेतलं नाही.
आणि मागच्या खोलीत एक माणूस असायचा.
नाव सांगत नसे. आमच्यात कॉफी घेत नसे.
तो दुसरं काही म्हणजे काहीच करायचा नाही.
नुसता ऐकायचा.
त्याचं कधी काही तुटलं नाही."

हसावं की नाही, मला कळेना.
बाई शालीच्या घड्या घालत होत्या.

जुलैअखेर वीज पडली, त्यांच्या घरावर नव्हे,
सालमेच्या अलीकडे कुठल्याशा खांबावर.
तारेतून चालत चालत यामायाला पोचली.
भिंतीवरचा जुना काळा फोन एकदा खणखणला आणि गप्प झाला,
त्याला काही झालं नाही.
लॅपटॉपच्या कोपऱ्यातून जळक्या बटणासारखा वास.

"मग नवा बसव."
"तो सुटा निघत नाही. अख्खा बोर्ड बदलावा लागेल.
म्हणजे जवळजवळ नवा लॅपटॉपच."
"कान गेला म्हणून माणूस बदलायचा?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.
फळीवर मात्र, खिळ्यांच्या डब्यामागे,
बँकेने टाकून दिलेला एक मोडेम होता:
करडा, विटेएवढा, स्वतःच्या अकलेचा,
समोर पाच लाल दिवे.
लॅपटॉपच्या पाठीला एक रबरी झाकण होतं,
विकत घेतल्यापासून कुणी न उघडलेलं.
रविवारी मी तो घेऊन यामायाला गेलो.

दिवे लागले. नंबर फिरला.
मग ती शिट्टी, ती घरघर,
दोन अनोळखी कुत्री कुंपणाच्या दोन बाजूंनी हुंगावीत तशी.
मी आवाज कमी करायला हात पुढे केला.
बाईंनी माझा हात धरला.
डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे.

"सालमेच्या जोडात पाणी शिरलंय," म्हणाल्या.
"ही खरखर मी ओळखते. त्यांना कळव."

चौथा दिवा स्थिर झाला.
बाईंनी मुलाचा फोटो उघडला, पत्र लिहायला घेतलं,
दोन्ही एकदम, मुद्दाम,
आणि माझ्याकडे न बघता लिहीत राहिल्या.

निघताना मी लॅपटॉपच्या त्या मेलेल्या भोकावर
चिकटपट्टी लावली,
चुकून कुणी त्यात वायर खोचू नये म्हणून.
चाळीस क्रून झाले होते.
पंचवीसच घेतले की तीस, आता आठवत नाही.